चार खुर्च्यांचं टेबल

बाबांचं वह्या-पेनांचं दुकान मी २०१५ साली हातात घेतलं. शाळेसमोरचा गाळा, पण जून संपला की माशा मारायच्या. मागच्या अंगाला दोन टेबलं टाकली आणि 'मॅजिक: द गॅदरिंग' या जादूच्या लढाईच्या खेळाचे पत्ते विकायला ठेवले. बाबा म्हणाले, "अरे, रमीचा क्लब काढतोस की काय?"

पहिली दोन वर्षं समोरासमोर दोघांचेच डाव चालायचे. त्या प्रकारात जुने संच ठरावीक काळाने बाद होतात. मुलांनी खाऊचे पैसे साठवून घेतलेला डेक, म्हणजे स्वतःचा पत्त्यांचा जोड, वर्ष-दोन वर्षांत कपाटात जायचा आणि मुलगाही दिसेनासा व्हायचा. त्या काळात भाडं कंपासपेट्यांनीच भरलं.

मग मॅजिकचाच कमांडर हा प्रकार आला. म्हणजे खेळ आधीपासून होताच, कंपनीने त्याचे तयार डेक २०११ पासून काढले आहेत. आमच्याकडे उशिरा पोचला. शंभर पत्ते, साध्या लँड (बाकीचे पत्ते टाकायला लागणारी शक्ती, म्हणजे माना, देणारे पत्ते) सोडल्या तर एकही पत्ता दुबार नाही, एक नामांकित पात्र म्होरक्या, प्रत्येकाला ४० लाइफ (संपलं की बाद), आणि टेबलावर बहुतेक वेळा चौघं. एक डाव सहज दोन तास चालतो, तेवढ्यात चहा दोनदा होतो. टेबलाचं भाडं सुरू झालं ते तेव्हापासून.

पण डेक लावून द्यायला मी चुकत होतो. दोघांच्या खेळाची अक्कल चौघांत चालवत होतो. लाइटनिंग बोल्ट या पत्त्याने ३ डॅमेज होतं, म्हणजे तेवढं लाइफ जातं. दोघांच्या खेळात समोरच्याच्या २० मधून ते टोचतं. तिघांच्या मिळून १२० मधून कोण मोजतं? दुसरं म्हणजे, मी माझा एक पत्ता खर्चून तुझा एक पत्ता मारला, तर आपण दोघंही एकेकाने कमी झालो आणि उरलेले दोघं चहा पीत मजा बघतात. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ, इथे चौथ्याचाही. असा डेक घेऊन गेलेलं एक गिऱ्हाईक ओळीने तीनदा हरलं आणि परत आलं नाही. दोष माझाच.

आता कुणी डेक दाखवायला आणला की मी आधी महागडे पत्ते बघत नाही. लँड ३७ च्या आसपास आहेत का, नवे पत्ते ओढणारे दहा तरी आहेत का, सगळं टेबल एकदम साफ करणारे तीन-चार आहेत का, एवढं बघतो. साधारणपणे इथेच गाडी अडलेली असते.

गेल्या श्रावणातला एक डाव सांगतो. कॉलेजातल्या एका मुलीचा म्होरक्या क्रेंको होता. क्रेंको आडवा केला, म्हणजे पत्ता फिरवून वापरला, की आपल्याकडे जितके गोब्लिन असतील तितके नवे येतात, आणि तो स्वतःही गोब्लिनच. एकाचे दोन, चार, आठ. माझ्या पाळीच्या शेवटी सोळा झाले. बँकेतून निवृत्त झालेले काका तिच्या डावीकडे शांत बसले होते, त्यांच्यासमोर प्रोपगँडा हा पत्ता. त्यांच्यावर हल्ला करायचा तर प्रत्येक गोब्लिनमागे २ माना, म्हणजे क्रेंको सोडून पंधरांना ३०. तिने तो विचारच सोडला. चौथा आयटीतला मुलगा. त्याने पहिल्याच फेरीत जादा माना देणारी सोल रिंग टाकली होती, त्यामुळे तेव्हापासून जो तो त्यालाच झोडत होता. लाइफ १३, अडवायला एकच प्राणी. पंधरा गोब्लिन धावले, एक अडला, चौदा लागले. मुलगा बाद. तिने क्रेंको पुन्हा आडवा केला: बत्तीस.

काकांनी चष्मा पुसला. "हातात किती पत्ते गं?"

"एकच, काका."

"बरं." आणि रॅथ ऑफ गॉड टाकलं. टेबलावरचे सगळे प्राणी साफ. हा पत्ता तिसऱ्या फेरीपासून त्यांच्या हातात होता, असं नंतर कळलं. मधला वेळ त्यांनी तिच्या गोब्लिनांच्या खांद्यावरून बंदूक चालवून घेतली. क्रेंको परत आणायला चाराऐवजी ६ माना, आणि हातात तो एकच पत्ता. पुढे काका जिंकले. मी काय करत होतो? बदाम सातमध्ये सत्ती दाबून बसतात तसा बसलो होतो, फक्त माझ्याकडे सत्ती नव्हती.

धंद्यात मीही एकदा असाच सगळा हात मोकळा केला होता. २०२४ च्या गणपतीत साठवलेले पैसे माना क्रिप्ट आणि ज्युवेल्ड लोटस या महागड्या पत्त्यांत घातले. २३ सप्टेंबरला दोन्ही पत्त्यांवर कमांडरमध्ये बंदी आली आणि भाव कोसळले. ते अजून काचेच्या कपाटात आहेत. कुणी किंमत विचारली तर बाबा परस्पर सांगतात, "ते दाखवायचे आहेत." तेव्हापासून माल म्हणजे तयार डेक, स्लीव्ह आणि स्वस्तातले सुटे पत्ते. शिवाय पावसाळ्यात फॉइलचे पत्ते कुरडईसारखे वळतात म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या.

पुढच्या शनिवारी ती मुलगी सहा गोब्लिन काढून त्या जागी पत्ते ओढणारे सहा घालून आली. चौथ्या फेरीला काकांनी पुन्हा विचारलं, "हातात किती?"

"सात."

काकांनी रॅथ हातातच ठेवलं आणि चहा मागवला.