जर्मनीत घर घ्यायचं असेल तर आधी गाव ठरवा

हो, घेतलं घर. न्युरेंबर्गला लागूनच फ्युर्थ म्हणून शहर आहे, तिथे तीन खोल्यांचा फ्लॅट, पहिल्या मजल्यावर, लिफ्ट असलेला. यावेळी इंदूरला आल्यापासून लोकमान्य नगरातल्या काकू-मावश्या, सानंदच्या नाटकाला भेटलेले बाबांचे मित्र, सगळे एकच विचारतायत की म्युनिक का नाही, फ्रँकफर्ट का नाही, आणि एवढे पैसे घालायचेच होते तर इथे इंदूरच्या नव्या वस्तीत, सुपर कॉरिडॉरवर का नाही घातले. प्रत्येकाला चहावर तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहूनच टाकते, कारण आपल्याकडची बरीच मुलं आता जर्मनीला निघालीयत आणि त्यांच्या आईबाबांना हे सगळं माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तर जर्मनीत बाहेरच्या माणसाला घर घ्यायला बंदी नाही. कॅनडाने 2023 पासून परदेशी लोकांच्या घरखरेदीवर बंदी आणली, काही सवलती सोडून, ऑस्ट्रेलियाने एप्रिल 2025 पासून दोन वर्षांसाठी जुनी घरं घ्यायला मनाई केली, जर्मनीत तसं काही नाही, पैसे असतील तर कुणीही घ्या. पण घर नावावर झालं म्हणून तिथे राहायचा परवाना मिळत नाही, ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, आणि आपल्याकडे नेमका इथेच गैरसमज होतो. ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर असाल तर थोडीफार जर्मन, म्हणजे ए1 येत असेल तर 27 महिन्यांनी, आणि बी1 पर्यंत शिकलात तर 21 महिन्यांनी कायमचा परवाना मागता येतो. आम्ही तो हातात पडल्यावरच बँकेत गेलो. त्याआधीही काही बँका कर्ज देतात, पण स्वतःचे पैसे जास्त घालायला सांगतात, आणि उद्या नोकरी गेली तर परवान्याची काळजी आणि हप्त्याची काळजी एकदमच अंगावर येते.

आता गाव का आधी ठरवायचं ते सांगते. घर घेताना जो कर लागतो तो जर्मनीत प्रत्येक राज्याचा वेगळा आहे. बायर्नमध्ये (बव्हेरिया), म्हणजे आमच्याकडे, किमतीच्या 3.5 टक्के, शेजारच्या हेसेनमध्ये, म्हणजे फ्रँकफर्टकडे, 6 टक्के आणि नॉर्थ राइन-वेस्टफालियात, ड्युसेलडॉर्फ-कोलोनकडे, 6.5 टक्के. 4 लाख युरोचं घर धरलं तर 14 हजार, 24 हजार आणि 26 हजार, इतका फरक नुसत्या राज्याने पडतो. त्यावर नोटार, म्हणजे खरेदीचा करार करून देणारा सरकारमान्य कायदेतज्ज्ञ, आणि नोंदणी ह्यांचे साधारण 2 टक्के, दलाल असेल तर त्याचे बहुतेक ठिकाणी 3.57 टक्के. हे वरचे पैसे बँक सहसा कर्जात धरत नाही, ते आपल्या बचतीतूनच द्यावे लागतात आणि ते परत येत नाहीत, म्हणून दोन-तीन वर्षांत नोकरी बदलून दुसरीकडे जायचा विचार असेल तर माझं स्पष्ट मत आहे, भाड्याने राहा. जर्मनीत अर्ध्याहून जास्त लोक भाड्यानेच राहतात आणि त्यात कुणालाही कमीपणा वाटत नाही.

कर्जाची पद्धतही आपल्यासारखी नाही. इथे फ्लोटिंग रेटचं होमलोन घेतलं की हातात पैसे आले की बँकेत भरून मोकळे होता येतं, दंड नाही. तिकडे व्याजदर दहा किंवा पंधरा वर्षांसाठी बांधून घेतात, हप्ता तोच राहतो हे फार बरं वाटतं, पण मधेच घर विकून कर्ज फेडायचं म्हटलं तर बँक नुकसानभरपाई मागते आणि ती रक्कम लहान नसते. दहा वर्षं झाली की मात्र कायद्यानेच सहा महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडता येतं. आणि भाड्याने दिलेलं घर दहा वर्षांच्या आत विकलं तर फायद्यावर कर आहे, त्यानंतर नाही. म्हणजे कुठूनही हिशोब करा, दहा वर्षं येतातच. म्हणून आम्ही दोघांनी घरं बघायच्या आधी हेच बोलून घेतलं की दहा वर्षं कुठे राहायला आवडेल.

ते ठरलं मुलीच्या शाळेवरून. बायर्नमध्ये प्राथमिक शाळा पत्त्यावर ठरते, तुमची गल्ली ज्या शाळेच्या हद्दीत येते तीच शाळा, इथल्यासारखं डोनेशन देऊन किंवा ओळखीने पलीकडच्या भागात घालता येत नाही. आणि चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास ह्या तीन विषयांची सरासरी 2.33 पर्यंत असेल तर गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, 2.66 पर्यंत रेआलशूल, म्हणजे मधली, त्यापुढे मिटेलशूल, म्हणजे कामधंद्याकडे नेणारी, तिकडे 1 म्हणजे सगळ्यात चांगला मार्क. दहा वर्षांच्या पोराला एवढं ओझं कशाला असं मला आजही वाटतं, आणि म्हणूनच जिथे मुलं भाषेत मागे पडली तर शिक्षक जवळ घेऊन शिकवतात अशी शाळा आधी शोधली आणि मग तिच्या हद्दीतली घरं बघायला लागलो. राज्य बदललं की अभ्यासक्रम आणि नियम सगळंच बदलतं, तेव्हा मूल शाळेत असताना फ्रँकफर्टची मोठी नोकरी आली तरी दहादा विचार करावा लागतो.

फ्युर्थ मला आवडलं ते वेगळ्याच कारणाने. दुसऱ्या महायुद्धात न्युरेंबर्ग जवळजवळ बेचिराख झालं पण फ्युर्थ बरंचसं वाचलं, त्यामुळे दगडी जुन्या इमारती रांगेने उभ्या आहेत. जर्मनीतली पहिली वाफेची रेल्वे 1835 साली न्युरेंबर्ग ते फ्युर्थच धावली आणि आज मेट्रोने मी तेवढंच अंतर कापून कामाला जाते. अशाच एका जुन्या इमारतीतलं घर मनात भरलं होतं, उंच छत, लाकडी जिना, इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या वाड्यात शिरल्यासारखं वाटलं. पण चौथा मजला, लिफ्ट नाही, इमारत संरक्षित यादीत असल्याने खिडकी बदलायलासुद्धा सरकारी परवानगी, आणि बाबांचे गुडघे. तिथेच ते घर सोडलं.

कारण आईबाबा येणार, राहणार, हे घर घेतानाच धरायला हवं. मार्च 2024 पासून ज्यांना पहिल्यांदा कुशल कामगाराचा परवाना मिळाला त्यांना आईवडिलांना कायमचं आणायची सोय झालीय, खर्च आणि आरोग्य विमा आपण उचलायचा ह्या अटीवर. आम्ही त्याआधीचे, आमच्याकडे ते येणार व्हिजिटर म्हणून, 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. त्या नव्वद दिवसांत आईला एकटीला खाली उतरून बागेत जाता आलं पाहिजे, बसस्टॉप समोर पाहिजे, नाहीतर ती माणसं आपल्या घरात बंद होऊन जातात, मी हे ओळखीच्या घरांत बघितलंय आणि फार वाईट वाटतं.

खरेदीचा दिवस मात्र आयुष्यभर लक्षात राहील. इथे रजिस्ट्री ऑफिसात काय गर्दी असते, कोण कुठे सही करतोय समजत नाही. तिकडे नोटारच्या ऑफिसात एक लांब टेबल, एका बाजूला आम्ही आणि आमची दुभाषी, समोर विकणारे आजी-आजोबा, आणि नोटारबाई अख्खा करार पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचतात, कायदाच तसा आहे. करार आधीच घरी आलेला असतो, तो भाषा येणाऱ्याकडून वाचून घ्यायचा. तळघरातल्या खोलीचा नंबर आला तेव्हा आजोबांनी हात वर केला, म्हणाले आमचा सात नाही, नऊ, बाईंनी वाचन थांबवलं, पेनाने दुरुस्ती केली आणि पुढे वाचायला लागल्या. तिकडे लोक जाताना ओटा-कपाटं काढूनही नेतात, भिंतीतून दोन नळ तेवढे बाहेर आलेले दिसतात, पण आजी स्वयंपाकघर ठेवून जाणार होत्या म्हणून त्याची किंमत करारात वेगळी लिहिली, तेवढ्यावर कर लागत नाही. बयाणा नाही, रोख काही नाही. आपला हक्क ग्रुंडबुख म्हणजे जमिनीच्या सरकारी वहीत आधी राखून ठेवतात, मग नोटारचं पत्र आलं की पैसे भरायचे, कर भरल्याचा दाखला आला की मालक म्हणून नाव चढतं.

एक गोष्ट मुलांना नक्की सांगा, घर बघून खूश झालात तरी सोसायटीच्या मागच्या तीन वर्षांच्या मीटिंगचे कागद मागा. छप्पर कधी करायचंय, हीटिंग किती जुनं आहे, राखीव निधीत किती आहे, सगळं त्यात असतं. निधी कमी आणि छप्पर जुनं असेल तर तो खर्च नव्या मालकाच्या वाट्याला येतो.

बाबांनी विचारलं, आम्ही काही पाठवू का. भारतातून एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, घरासाठीही, पण 10 लाख रुपयांच्या वर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, तो रिटर्न भरल्यावर वळता होतो किंवा परत मिळतो, तोवर पैसे अडकतात. मी नको म्हटलं. म्हातारपणाची पुंजी त्यांच्याजवळच हवी. दुसरं, देवासकडच्या आमच्या थोड्याशा शेतीचं काय, हे त्यांच्या मनात होतं. जर्मन पासपोर्ट घेतला तर भारताचा सोडावा लागतो, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठी असलेलं ओसीआय कार्ड मिळतं, पण त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली मात्र राहते. हे कळल्यावर बाबांना हायसं वाटलं. पासपोर्टचं आम्ही अजून ठरवलेलं नाही, आणि त्याची घाईही नाही.

मी महिनाअखेरपर्यंत इथे आहे. कुणाचं मूल तिकडे घर बघत असेल तर करार आणि ते मीटिंगचे कागद माझ्याकडे पाठवायला सांगा, बसून वाचून देईन.