पिंग जातंय, फाईल जात नाही

चिकोडीच्या कॅम्पसवरून सकाळी फोन आला तेव्हा आमच्या एनओसीच्या, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कक्षाच्या, पडद्यावर सगळं हिरवंगार होतं. "सर, पिंग होतंय की, वेबसाइटी पण उघडालेत. पण डेटा सर्व्हरवरनं फाईल काय सरकंना झालीया. रात्री काय केलासा तुम्ही?"

रात्री आम्ही बेळगाव-संकेश्वर-निपाणी-चिकोडी या पट्ट्यातल्या संस्थांना जोडणाऱ्या बॅकबोन राउटरांवर आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी, लांब पत्त्यांची पद्धत, सुरू केलं होतं. जुन्या आयपीव्ही४ला हात लावला नव्हता. दोन्ही एकाच तारेवर, ड्युअल स्टॅक. आयपीव्ही४चे शेवटचे पाच मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपले. एकेका सार्वजनिक पत्त्यामागे अख्खं वसतिगृह बसवायचा खेळ वेब ब्राउझिंगपुरता चालतो. दोन प्रयोगशाळांच्या सर्व्हरांना एकमेकांशी थेट बोलायचं असलं की तो आडवा येतो.

पत्त्यांची वाटणी हा यातला सोपा भाग, फक्त कंजूषपणा सोडावा लागतो. पत्त्याचे पहिले ३२ बिट ठरलेले असा गठ्ठा म्हणजे /३२; आकडा वाढला की गठ्ठा लहान होतो. एका /३२ मधून बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर अशा प्रत्येक जिल्ह्याला एक /४०. एका /४० मध्ये २५६ संस्थांना प्रत्येकी /४८ मिळतो, आणि एका /४८ मध्ये ६५,५३६ लॅन (स्थानिक जाळी) बसतात. आकडे चारच्या पटीत ठेवले की पत्ता वाचूनच जिल्हा आणि संस्था कळते. राउटर-राउटरमधल्या जोडणीला कागदावर /६४ राखून ठेवायचा, पण इंटरफेसवर /१२७ लावायचा. /६४ तसाच लावला तर कोणीही त्यातल्या नसलेल्या पत्त्यांवर पॅकेटं सोडून राउटरचा शेजारी-तक्ता (जोडलेल्या यंत्रांच्या पत्त्यांची यादी) भरून टाकू शकतो.

खरी काळजी आयएस-आयएसची. हा राउटिंग प्रोटोकॉल, म्हणजे राउटरांनी आपसांत मार्ग ठरवायची पद्धत, थेट इथरनेट फ्रेमवर चालतो, आयपीवर अवलंबून नाही, म्हणून बॅकबोनला तो बरा पडतो. पण सिंगल टोपोलॉजीत दोन्ही आयपींसाठी मार्गाचा हिशेब एकच होतो. अर्ध्या लिंकांवर व्ही६ आणि अर्ध्यांवर नाही, अशी अवस्था आली की व्ही६ची पॅकेटं जिथं व्ही६ नाही त्या लिंकवर जाऊन मरतात. काही राउटर तर दोन टोकांचे प्रोटोकॉल जुळत नाहीत म्हणून शेजारसंबंधच (एकमेकांशी मार्गांची माहिती वाटायचं नातं) तोडतात, आणि चांगलं चाललेलं व्ही४ही जातं. म्हणून आधी सगळीकडे मल्टी-टोपोलॉजी, म्हणजे दोन्हींचा वेगळा हिशेब, आणि तीही ट्रान्झिशन मोडमध्ये, म्हणजे जुनी-नवी दोन्ही पद्धत चालू ठेवून. शेजारसंबंध टिकलेत हे पाहूनच मग एकेका लिंकवर पत्ता. आणि व्ही६चा पत्ता लावण्याआधी राउटरच्या एसएसएच आणि एसएनएमपीवर (दुरून राउटर चालवायच्या आणि त्याची तब्येत बघायच्या वाटा) व्ही६ची वेगळी अ‍ॅक्सेस लिस्ट, म्हणजे कोणाला आत घ्यायचं याची यादी. व्ही४ची लिस्ट व्ही६ला अडवत नाही. पत्ता चढला त्या क्षणी राउटरचं मागचं दार उघडं.

हे सगळं रात्री क्रमाने झालं. एकही शेजारसंबंध पडला नाही.

आता चिकोडीचं दुखणं. तिथल्या सर्व्हरवर टीसीपी जोडणी एस्टॅब्लिश्ड (जुळलेली) दिसत होती, आणि गुप्तलेखनाच्या किल्ल्यांची देवाणघेवाण सुरू होताच गप्प. तीच कॉपी व्ही४ची सक्ती करून चालवली की भरधाव. ब्राउझर व्ही६वर अडकला तर पाव सेकंदात व्ही४कडे वळतो, पण ते जोडणीच होत नसेल तेव्हा. इथं जोडणी होत होती, त्यामुळे वळायचं कारणच नव्हतं.

जोडणी होते आणि डेटा जात नाही, म्हटलं की पॅकेटचा आकार तपासायचा. व्ही६चा हेडर ४० बाइट, आयसीएमपीचा (पिंग आणि अडचणींचे निरोप नेणारा प्रोटोकॉल) ८, म्हणजे १५०० च्या एमटीयूला (लिंकवर मावणारं सर्वात मोठं पॅकेट) पिंगचा मजकूर १४५२. चिकोडीहून बेळगावच्या सर्व्हरला, तुकडे न करण्याची सक्ती करून, १४५२ ला उत्तर आलं. १४५३ ला काही नाही. "पॅकेट मोठं आहे" असा निरोपही नाही.

पण आमच्या डार्क फायबरवर एमटीयू ९००० आहे, मग १५०० आलं कुठून? ट्रेसरूट, म्हणजे पॅकेट कुठून कुठून जातं त्याची यादी, बघितला. व्ही४ चिकोडी-निपाणी-संकेश्वर-बेळगाव असं जात होतं. व्ही६ मात्र चिकोडीहून एका उडीत बेळगावात. ती राखीव लिंक. भाड्याची, १५०० एमटीयूची, फायबर तुटलं तरच वापरायची. मल्टी-टोपोलॉजीत व्ही६ची मेट्रिक (लिंकची किंमत; कमी बेरजेचा मार्ग निवडला जातो) वेगळी असते, व्ही४खाली लिहिलेली तिला लागू होत नाही. व्ही४मध्ये फायबरच्या तीन टप्प्यांचे मिळून ३० आणि राखीव लिंकचे १०००. व्ही६मध्ये सगळ्या लिंका डीफॉल्ट १० वर, म्हणजे फायबरचे ३०, राखीवचे १०. राउटरने हिशेब बरोबरच केला. शेजाऱ्याशी ओळख ठेवणारी हॅलो पॅकेटं फुगवून एमटीयूची तफावत पकडायची सोय आयएस-आयएसमध्ये आहे, पण इथं दोन्ही टोकांना १५००च लावलेलं, तफावत कसली पकडणार?

डेस्कटॉप १५०० वरच असतात, त्यांना हे जाणवलंच नाही. दोन्ही टोकांना ९००० लावलेले डेटा सर्व्हर तेवढे अडकले.

मेट्रिक दुरुस्त केली, ट्रेसरूट फायबरवर आला, फाईल पळायला लागली. चिकोडीहून "झालं बघा सर" आलं. इथं थांबायचा मोह होतो, आणि थांबलं तर पुढच्या पावसाळ्यात फायबर तुटेल त्या दिवशी हेच पुन्हा. कारण राउटरने निरोप द्यायला हवा होता. व्ही६मध्ये वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करत नाही. आयसीएमपीव्ही६चा प्रकार २ परत पाठवतो, आणि पाठवणाऱ्याने आकार कमी करायचा. राउटरवरचा काउंटर पाहिला तर निरोप निघत होते. ते कॅम्पसच्या फायरवॉलवर मरत होते. तिथं नियम होता: इको (पिंग) आत येऊ द्या, बाकी आयसीएमपी बंद. व्ही४च्या काळातली सवय. प्रकार १ ते ४ हे अडचण कळवणारे निरोप, वाहतुकीचाच भाग आहेत, ते आत यायलाच हवेत.

मग व्ही४ राखीव लिंकवर कसं चालायचं? तिथं एमएसएसला (टीसीपीच्या एका पॅकेटातल्या डेटाच्या कमाल आकाराला) लगाम घातलेला होता, म्हणून नवी जोडणी लहान पॅकेटांवर ठरायची. व्ही६साठी तो लगाम वेगळा लावावा लागतो: १५०० वजा ४० वजा टीसीपी हेडरचे २०, म्हणजे १४४०. पण लगाम फक्त जोडणी सुरू होताना काम करतो. फायबरवर ८९४० ठरवून सुरू झालेली कॉपी अर्ध्यात असताना फायबर तुटलं, तर तिला वाचवायला तो निरोपच लागतो. व्ही४मध्येही हेच होत आलं असणार. तवंदी घाटाच्या अलीकडे रस्त्याच्या कामात फायबर तुटलं की चालू कॉप्या अडकायच्या, माणसं बंद करून परत सुरू करायची, आणि शिव्या जेसीबीवाल्याला. नव्याने सुरू केलेली कॉपी चालायची, मग तपास कोण करणार!

फायरवॉलचा नियम बदलल्यावर रात्री मुद्दाम मोठी कॉपी लावून संकेश्वर-निपाणीचा इंटरफेस खाली पाडला. कॉपी क्षणभर अडखळली, मग भाड्याच्या लिंकच्या वेगाने पुढे गेली. लिनक्सच्या सर्व्हरवर त्या मार्गापुढे एमटीयू १५०० नोंदलेलं दिसलं. ही नोंद ६०० सेकंदांनी जाते, सर्व्हर परत मोठं पॅकेट टाकून बघतो, परत निरोप येतो. म्हणून चाचणी दहा मिनिटांहून जास्त चालवायची. पहिल्या मिनिटात पास झाली म्हणून उठू नये. दुसऱ्यांदाही निरोप पोचला, तेव्हा इंटरफेस वर घेतला.

आता प्रत्येक संस्थेला /४८ देण्याआधी तिच्या फायरवॉलचे आयसीएमपीव्ही६चे नियम मागवतो आणि १४५३ बाइटचं पिंग राखीव लिंकवरून करून घेतो. "एवढं कशाला, नेट तर चालालंय की," असं बहुतेक ठिकाणी ऐकावं लागतं. धारवाडच्या बाजूच्या संस्थांचे नियम अजून यायचे आहेत.