अकाउंटंटचा रिझ्युमे शोधात का सापडत नाही

अकाउंट्सच्या नोकऱ्या शोधणारी ओळखीची मंडळी अधूनमधून आपले रिझ्युमे माझ्याकडे नजरेखालून घालायला पाठवतात, आणि त्यांतल्या बहुतेकांत काम भरपूर केलेले असूनही त्या कामाची नावे कागदावर आलेली नसतात. ‘कंपनीचे सर्व हिशेब सांभाळले’ हे वाक्य खोटे नसते. पण नोकरी डॉट कॉमवर उमेदवार शोधणारा भरती अधिकारी जीएसटी, टीडीएस, टॅली, बँक रिकन्सिलिएशन असे शब्द टाकतो, शहर आणि अनुभवाची वर्षे निवडतो, आणि त्या गाळणीत हे वाक्य कुठेच अडकत नाही.

शब्द शोधायला फार लांब जावे लागत नाही. आपल्याला हव्या असलेल्या पदाच्या पाच-सहा जाहिराती शेजारी ठेवून वाचल्या, की कोणते शब्द पुन्हा पुन्हा येतात ते कळते. अडचण वेगळीच असते. भोसरीतल्या एखाद्या लहान कारखान्यात खरेदीची बिले टॅलीत चढवणारा मुलगा स्वतःच्या कामाला ‘परचेस एन्ट्री’ म्हणतो, तर हिंजवडीतली मोठी कंपनी त्याच कामासाठी जाहिरातीत ‘अकाउंट्स पेएबल’ लिहिते. हाच मुलगा परचेस ऑर्डर, माल मिळाल्याची जीआरएन आणि पुरवठादाराचे बिल ताडून पाहिल्याशिवाय पैसे सोडत नसेल, तर तो ‘थ्री-वे मॅचिंग’ करतो आहे. फक्त तसे त्याला कोणी सांगितलेले नसते. अशा ठिकाणी जाहिरातीतला शब्द वापरणे म्हणजे फुशारकी नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उलट बाजूला जुने शब्द जागा अडवून बसतात. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, तरी कित्येक रिझ्युमेंत व्हॅट आणि सर्व्हिस टॅक्स अजून पहिल्या ओळीत असतात आणि जीएसटीआर-१, ३बी ही जीएसटीची विवरणपत्रे किंवा ई-इनव्हॉइस यांचा पत्ताच नसतो. एमएस-सीआयटीचे तसेच आहे: सरकारी भरतीत तिला महत्त्व आहे, पण खासगी कंपनीला एक्सेलमधले व्हीलूकअप आणि पिव्होट टेबल येतात का, हे जाणून घ्यायचे असते. संक्षेप आणि पूर्ण रूप दोन्ही एकेकदा लिहावे, कारण शोधणारा कोणते टाकेल हे आपल्या हातात नाही.

दोन रकान्यांची नक्षीदार मांडणी टाळावी, कारण मजकूर उचलणारे सॉफ्टवेअर त्यातल्या ओळींची सरमिसळ करू शकते. पांढऱ्या अक्षरांत शब्द दडवण्याची युक्ती तर हास्यास्पद आहे, कारण साधा मजकूर बाहेर काढला की ते सगळे शब्द उघडे पडतात.

शब्दांची नुसती यादी देण्यापेक्षा प्रत्येक शब्द केलेल्या कामाच्या वाक्यात बसवावा, जसे की ‘दरमहा जीएसटीआर-२बी आणि खरेदी नोंदवही यांची जुळणी करून तफावतीसाठी पुरवठादारांकडे पाठपुरावा केला’ (२बी म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारे क्रेडिटचे विवरण). मुलाखतीत नेमके यावरच विचारतात: पुरवठादाराने बिल आपल्या विवरणपत्रात दाखवलेच नाही, तर त्या महिन्यात खरेदीवरील जीएसटीच्या क्रेडिटचे काय करता? सॅप या कंपन्यांच्या व्यवहारांच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त बिले नोंदवली असतील, तर ‘सॅप फायको’ (त्याचा वित्त आणि हिशेबाचा भाग) असे मोघम न लिहिता ‘सॅपमध्ये बिलांची नोंद’ एवढेच लिहावे. शोधात सॅप हा शब्द तेवढ्यानेही सापडतो.