पाईड बजीचं नाक बघू नका, डोळा बघा

आमच्याकडे बजीला, म्हणजे बजरीगर या छोट्या पोपटाला, सगळे लव्हबर्डच म्हणतात, दुकानदारसुद्धा, त्यामुळे मीही तीन वर्षांपूर्वी "लव्हबर्डची जोडी" म्हणूनच घेऊन आलो. एक साधा हिरवा, निळ्या नाकाचा (चोचीच्या वरचा नाकपुड्यांचा भाग), म्हणजे नर. दुसरा पांढरा, पोटाखाली आकाशी, पंखांवर काळे ठिपके कुणीतरी शाई झटकल्यासारखे, आणि नाक गुलाबी-जांभळट. दुकानदार म्हणाला गुलाबी नाक म्हणजे मादी, घ्या. घेतली. मडकं टांगलं, राळे-बाजरी, समुद्रफेस, सगळे लाड केले. आठ महिने दोघं एकमेकांना भरवतायत, चोचीत चोच घालतायत, अंडं मात्र एक नाही. आई म्हणाली अरे त्यांना प्रायव्हसी पाहिजे असेल, मग पिंजऱ्याला जुना टॉवेल बांधला. काही उपयोग नाही, कारण दोन्ही नर होते 😄

तो ठिपकेवाला रेसेसिव्ह पाईड होता (पाईड म्हणजे डागाळलेला, आणि रेसेसिव्ह म्हणजे आई-बाप दोघांकडून जीन आला तरच दिसणारा), याला डॅनिश पाईड किंवा हार्लेक्विनपण म्हणतात. आणि या जातीच्या नराचं नाक मोठेपणीसुद्धा निळं होतच नाही, पिल्लासारखं गुलाबी-जांभळंच राहतं. मादीचं मात्र नेहमीसारखं, नाकपुड्यांभोवती पांढुरकी कडा आणि अंड्यावर यायच्या वेळी तपकिरी. म्हणजे नाक बघून नर-मादी ओळखायचा जो नियम आपण सगळीकडे सांगत फिरतो तो इथे सपशेल आपटतो.

मुळात पाईड म्हणजे काय, तर अंगावरच्या काही भागात काळं रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, बनतच नाही. बजीच्या पिसात निळा रंग नसतोच, पिसाची बारीक रचना आणि तिच्या मागे मेलॅनिन, या दोन्हीमुळे तो निळा दिसतो, आणि त्यावर पिवळं रंगद्रव्य असलं की हिरवा. आता मेलॅनिन काढून टाका, हिरव्या पक्ष्यावर तेवढा पिवळा डाग राहणार आणि निळ्यावर पांढरा. म्हणून हिरवा-पांढरा पाईड सहसा दिसत नाही. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं, का ते माहीत नाही.

आता ओळखायचं कसं. डाग कुठे आहेत हे सगळे बघतात, पण मी आधी डोळा बघतो. मोठ्या बजीच्या बुबुळाभोवती पांढरी कडी असते. रेसेसिव्ह पाईडला ती कधीच येत नाही, डोळा अख्खा गडद, पिकलेल्या जांभळासारखा. ऑस्ट्रेलियन पाईड, जो डॉमिनंट आहे, म्हणजे एकाकडून जीन आला तरी दिसतो, त्याला कडी असते, नराचं नाकही व्यवस्थित निळं होतं, आणि बऱ्याचदा पोटावर आडवा पट्टा असतो, बेल्ट बांधल्यासारखा. तिसरा डच पाईड किंवा क्लिअरफ्लाईट, हाही डॉमिनंट, त्याच्या डोक्यामागे एक ठिपका आणि उडायची मोठी पिसं व शेपटी कोरी. ऑस्ट्रेलियनलाही डोक्यामागे ठिपका असू शकतो, त्यामुळे फोटोवरून "हा कुठला?" विचारलंत तर मी बहुतेक वेळा हात जोडणार. डॅनिश आणि ऑस्ट्रेलियन दोन्ही 1930 च्या दशकातले, एक डेन्मार्कचा आणि एक ऑस्ट्रेलियाचा, एकमेकांशी काही संबंध नाही, फक्त आपण दोघांना पाईड म्हणतो म्हणून घोळ.

एक मोठी अडचण मात्र आहे. डोळ्याची कडी चार-सहा महिन्यांनी येते, म्हणजे पिल्लू घेताना डोळ्यावरून काहीच कळत नाही, सगळ्यांचेच गडद. वय ओळखायला बघतात ते पिल्लाच्या कपाळावरचे पट्टेसुद्धा पाईडमध्ये तुटक असतात, त्यामुळे वयाचाही अंदाज चुकतो. "बेबी आहे साहेब" म्हणून चार वर्षांचा नर गळ्यात मारायला रेसेसिव्ह पाईडइतका सोयीचा पक्षी नाही!

मग मी माझ्या ठिपकेवाल्याला एक साधी हिरवी मादी आणून दिली. चार पिल्लं झाली आणि चारही हिरवी, पट्टेदार, बापाचा एक डागही नाही. बापाने मादीकडे संशयाने बघितलं 😂 पण हे असंच होणार होतं. रेसेसिव्ह दिसायला जीन आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, एकाकडून आला तर पिल्लू स्प्लिट, आत लपलेलं. निळा रंगही तसाच रेसेसिव्ह. दोन स्प्लिट जोडले तर सरासरी चारात एक पाईड, आणि उरलेल्या साध्या दिसणाऱ्या तिघांत दोन स्प्लिट, पण कुठले दोन हे नुसतं बघून सांगता येत नाही. स्प्लिटच्या डोक्यामागे छोटा ठिपका असतो म्हणतात, कधी असतो कधी नसतो, त्यावर पैसे लावू नका. दुकानदार "स्प्लिट आहे" म्हणून जास्त पैसे मागत असेल तर आई-बाप दाखव म्हणायचं, दोघांतला एक जरी रेसेसिव्ह पाईड दिसला तरी पिल्लू नक्की स्प्लिट, नाहीतर नुसत्या गप्पा. डॉमिनंटमध्ये ही भानगडच नाही, तिथे स्प्लिट नसतोच, जीन असला की दिसतो, एक डोस, म्हणजे जीनची एकच प्रत, असलेला पाईड साध्या मादीला लावला की साधारण अर्धी पिल्लं पाईड. त्यामुळे कुणी "ऑस्ट्रेलियन पाईडचा स्प्लिट" विकत असेल तर तिथून निघा.

भावंडं एकमेकांना लावायची नव्हती, पिल्लं कमजोर निघतात, म्हणून एका मुलासाठी सांगलीच्या मित्राकडून आकाशी रेसेसिव्ह पाईड मादी आणली, बदल्यात त्याला माझी एक हिरवी मुलगी दिली. मुलात पाईड आणि निळा दोन्ही लपलेले, म्हणून यावेळी हिशोबाने अर्धी पाईड आणि, वेगळं मोजलं तर, अर्धी निळी यायला हवीत. अंडी पाच, अठरा दिवसांनी एकेक फुटली, पाचही जगली. चौथी-पाचवी पिल्लं पिसं फुटेपर्यंत मी रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी मोबाईलचा टॉर्च मारून मडक्यात बघायचो, मादी चावायची. पाचात दोन निळी, बरोबर. पाईड फक्त एक, हिरवा-पिवळा. मित्राला फोन केला तर तो म्हणाला पुढच्या घरट्यात चार येतील, मी म्हटलं पहिल्यात एक आला म्हणून दुसऱ्यात जास्त येत नसतात रे, प्रत्येक अंड्याचं नाणं वेगळं उडतं. तो म्हणाला बरं, पण तो एक मला दे.

दिला नाही अजून. नाक गुलाबी आहे, आणि नर की मादी हे कळायला अजून दोन-चार महिने थांबणार आहे.