तुम्ही विचारलंत म्हणून: क्वेरी कशीही लिहिली तर काय बिघडतं?

नव्याने कामाला लागलेली मुलं हमखास विचारतात, "सर, उत्तर बरोबर येतंय ना? मग एसक्यूएल कसं लिहिलंय याला कशाला एवढं महत्त्व?"

एसक्यूएल म्हणजे डेटाबेसमधून माहिती मागवायची भाषा, आणि क्वेरी म्हणजे त्या भाषेतली एक मागणी. डेटाबेसच्या बाजूने बघितलं तर पोरांचं खरं आहे. सिलेक्ट (कोणते कॉलम हवेत ते सांगणारा शब्द) कॅपिटलमध्ये लिहा नाहीतर स्मॉलमध्ये, स्वल्पविराम ओळीच्या सुरुवातीला द्या नाहीतर शेवटी, ऑप्टिमायझरला, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या डेटाबेसच्या भागाला, सोयरसुतक नसतं. या गोष्टींवरून तासभर वाद घालणाऱ्यांपासून मी लांबच राहतो.

पण एक प्रकार मी रिव्ह्यूत पास करत नाही. फ्रॉमपुढे (माहिती कुठून घ्यायची ते इथे लिहितात) दोन टेबलं नुसती स्वल्पविराम देऊन लिहायची आणि त्यांना जोडणारी अट खाली व्हेअरमध्ये, म्हणजे ओळी गाळायच्या अटींच्या जागी, तारीख, शहर, स्टेटस यांच्या गर्दीत कोंबायची. ती अट राहून गेली तरी क्वेरी बिनबोभाट चालते. ग्राहक 1,000 आणि बिलं 50,000 असतील तर प्रत्येक ग्राहकाला प्रत्येक बिल जोडलं जाऊन 5 कोटी ओळी तयार होतात. त्यावर सम (बेरीज) आणि ग्रुप बाय (गट पाडणं) लावलेलं असेल तर ओळींचा ढीगही दिसत नाही, नुसता आकडा फुगतो. तेच टेबलं जोडायला जॉइन हा शब्द लिहून जोडणारी अट देणारं ऑन विसरलात, तर पोस्टग्रेस हा डेटाबेस जागच्या जागी सिंटॅक्स एरर देतं. (मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस देत नाही, त्याच्यावर माझा जुना राग आहे.) जॉइन-ऑनची ही मांडणी एसक्यूएलच्या 1992 च्या स्टँडर्डमध्येच आली, तेव्हा 'नवीन आहे, सवय नाही' ही सबब चालणार नाही.

भाषेचा मूळचा वाकडेपणा मात्र आपल्या हातात नाही. आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी 1974 मध्ये ती मांडली, ती इंग्रजी वाक्यासारखी वाचता यावी म्हणून. त्यामुळे सिलेक्ट सगळ्यात वर. अर्थ लावायचा तो मात्र आधी फ्रॉमचा, मग व्हेअरचा, मग ग्रुप बायचा, आणि सिलेक्टचा त्यानंतर. सिलेक्टमध्ये कॉलमला दिलेलं नाव व्हेअरमध्ये वापरलं की एरर येते, ती यामुळेच. क्वेरी टाइप करायचं एडिटर सॉफ्टवेअर तरी काय करणार? टेबल कोणतं ते कळेपर्यंत त्याला कॉलम सुचवता येत नाहीत. 2024 मध्ये गूगलच्या मंडळींनी फ्रॉमपासून सुरू होणारी, एकेक पायरी क्रमाने लिहायची पाइप पद्धत मांडली, त्यांच्या बिगक्वेरी या डेटाबेसमध्ये ती चालते. मला आवडली, लांबलचक रिपोर्ट वरून खाली सरळ वाचत जाता येतो. आमचं सगळं काम पोस्टग्रेसवर. त्यामुळे मी अजून फ्रॉम आधी टाइप करतो आणि मग वर जाऊन सिलेक्ट भरतो.