भिंतींचा रंग ठरवताना आधी उजेड पाहावा

गडद रंगाने खोली लहान दिसते आणि फिकट रंगाने मोठी, हे घराला रंग काढायचा विषय निघाला की हमखास ऐकू येते. ते खोटे नाही. परंतु आमच्या पुण्यातील सदनिकेचे रंग निवडताना माझे मत असे बनले की, खोलीच्या आकारापेक्षा तिच्यात येणारा उजेड आणि ती वापरण्याची वेळ यांचा विचार आधी करावा.

बऱ्याच रंगकंपन्या छटेसोबत ‘एलआरव्ही’ (लाइट रिफ्लेक्टन्स व्हॅल्यू), म्हणजे रंग किती उजेड परतवतो हे सांगणारा आकडा देतात. त्याची मोजपट्टी 0 ते 100 अशी असते: 0 म्हणजे सगळा उजेड शोषणारा काळा आणि 100 म्हणजे सगळा परतवणारा पांढरा. 80 आकड्याची भिंत चार पंचमांश उजेड खोलीत परत सोडते, तर 10 आकड्याची जेमतेम एक दशांश. शिवाय उजेड एका भिंतीवरून दुसरीवर, तिथून छतावर असा फिरत असताना प्रत्येक टप्प्यावर ही घट होत जाते. म्हणून चारही भिंती गडद केल्यास खोली अपेक्षेपेक्षा कितीतरी अंधारी होते. आमच्या हॉलची एकमेव खिडकी शेजारच्या इमारतीकडे उघडत असल्याने तिथे फिकट पिवळसर छटाच योग्य होती. निव्वळ पांढरा रंग अशा मंद उजेडात राखाडी आणि निस्तेज भासतो.

गडद निळा आम्ही शयनगृहात, पलंगामागच्या भिंतीला दिला, कारण ती खोली मुख्यतः रात्री दिव्याच्या उजेडात वापरली जाते. खिडकीच्या भिंतीला मात्र गडद रंग देऊ नये, असे मला ठामपणे वाटते. बाहेरचा लख्ख उजेड आणि भोवतीची काळोखी भिंत यांतील विरोध डोळ्यांना खुपतो. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीलाही तो टाळावा, कारण क्षारांचे पांढरे डाग त्यावर लगेच उठून दिसतात. गडद मॅट रंगावर घासल्याच्या खुणा राहतात, चमकदार रंगात पुट्टीचा उंचसखलपणा उघडा पडतो आणि पुढे त्यावर फिकट रंग द्यायचा झाल्यास प्रायमर व जास्तीचे हात द्यावे लागतात.

शेड कार्डावरची इवलीशी छटा पाहून निर्णय घेऊ नये. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारून तो त्याच भिंतीवर, शक्यतो जुना रंग शेजारी दिसणार नाही अशा रीतीने पांढऱ्या कागदाच्या चौकटीत लावावा आणि सकाळी, दुपारी व रात्री घरातले नेहमीचे दिवे लावून पाहावा.