वापरलेली केबिन क्रूझर, नोंद ४: तीन बोटी, तीन इंजिनं आणि पावसाळी शाकारणीआधीची घाई

वापरलेली केबिन क्रूझर (झोपायची केबिन असलेली मोटरबोट) घ्यायची आहे. मागच्या नोंदीत यादी सहावरून तीनवर आली होती. आता एक उरली आहे, तीही अटींसह.

निकष तेच आहेत. लांबी २८ ते ३२ फूट, दोघांना नीट झोपता येईल अशी केबिन, गेटवे-मांडवा ये-जा आणि कधीमधी मुरूडपर्यंत फेरी. बोट सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मेपर्यंत मुरिंगवर (पाण्यातच बांधून) उभी राहणार. परदेशी मार्गदर्शकं वाचताना हीच गोष्ट सुटते. तिथे बोट ट्रेलरवरून घरी नेतात किंवा क्रेनने सहज उचलतात. मुंबईत ती गाळाच्या खाऱ्या पाण्यात आठ महिने सलग बसते. त्यामुळे इंजिन निवडताना बोट किती वेगाने पळते यापेक्षा उभी असताना तिचं काय होतं, हा प्रश्न आधी यायला हवा.

बोट १: २८ फुटी, पेट्रोल व्ही-८, स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, पंख्याचा ड्राइव्ह मागे बोटीबाहेर). बाद.

३५० घनइंची शेवरोले ब्लॉकवर बेतलेलं ५.७ लिटरचं इंजिन. जगभर खूप भेटणारं, सुटे भाग स्वस्त. बोट आतून देखणी, म्हणून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आधी घेतलं. पद्धत: इंजिन गरम करायचं, आठही प्लग काढायचे, इग्निशन तोडायचं, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा, बॅटरी भरलेली हवी आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे द्यायचे. सहा सिलिंडर १४५ ते १५५ पीएसआय. ५ आणि ७ नंबर ९५ आणि ९०. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या ७०-७५ टक्क्यांखाली गेला की तिथेच थांबायचं. चमचाभर तेल सोडून पुन्हा घेतलं, आकडा हलला नाही. म्हणजे रिंगा नव्हेत, व्हॉल्व्ह किंवा गास्किट.

५ आणि ७ एकाच बाजूला शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे त्या बाजूचा रायझर (एक्झॉस्टचा वर चढणारा, पाण्याने थंड होणारा भाग) उघडून पाहिला. आत जोडावर गंजाचे ओघळ. कास्ट आयर्नचे मॅनिफोल्ड आणि रायझर खाऱ्या पाण्यावर थंड होतात आणि आतून झिजतात. बाहेरून रंग शाबूत असतो, पाणी मात्र एक्झॉस्टमधून व्हॉल्व्हवर येतं. खाऱ्या पाण्यात त्यांचं आयुष्य साधारण पाच वर्षं धरावं. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेच नाहीत असं समजावं.

इंजिन धडधाकट असतं तरी दुसरी अडचण होतीच. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि बोटींची इंजिनं बनवणारी मर्क्युरी कंपनी आपल्या इंजिनांना १० टक्क्यांपर्यंतच मुभा देते. बोटीची टाकी हवेला उघडी असते. दमट हवेतलं पाणी इथेनॉल ओढून घेतं, प्रमाणाबाहेर गेलं की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो आणि पिकअप नळी नेमका तोच आधी उचलते. जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात, फायबरच्या जुन्या टाक्यांचं रेझिनही सुटतं. शिवाय बंद इंजिनघरात पेट्रोलची वाफ साचते, म्हणून स्टार्टरला हात लावण्यापूर्वी चार मिनिटं ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवणं सक्तीचं. रोज चालवणारा तांडेल ते कधीच चुकवणार नाही, हे गृहीत धरणं धाडसाचं आहे.

बोट २: २९ फुटी, चार सिलिंडर डिझेल, दोन उलट फिरणाऱ्या पंख्यांची स्टर्नड्राइव्ह. नाइलाजाने बाद.

इंजिन उत्तम. गोची ड्राइव्हची. ॲल्युमिनियमचं धूड कायम पाण्यात. कुणीतरी तांबं असलेला अँटिफाउलिंग (कालवं-शेवाळ रोखणारा) रंग थेट ड्राइव्हवर मारला होता. तांबं आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पंख्यांमागे खड्डे पडले होते, ॲनोड (स्वतः झिजून ड्राइव्ह वाचवणारे धातूचे तुकडे) मात्र जवळजवळ नवे. असे न झिजणारे ॲनोड दिसले तर खूश होऊ नका, त्यांचा विजेचा जोड बहुधा तुटलेला असतो. बेलोजच्या (ड्राइव्हच्या जोडावरच्या घडीदार रबरी नळीच्या) घड्यांत कालवं. ती धारदार असतात, ड्राइव्ह वळली की रबर कापतात, आणि बेलोज फाटला की पाणी आधी गिंबल बेअरिंगमध्ये, मग बोटीत. दर दोन-तीन वर्षांनी बेलोज बदलायचे तर बोट उचलून ड्राइव्ह उतरवावी लागते.

ट्रान्समही (बोटीची मागची भिंत) ठोकून पाहिला. प्लास्टिकच्या हातोडीने दर दोन इंचांवर. चांगल्या जागी टणक आवाज, ड्राइव्हच्या कटआउटखाली बद्द. तिथला एक स्क्रू काढला, भोकातून तपकिरी पाणी. आतलं प्लायवुड कुजलेलं. ओलावामापकाचा आकडा एकट्याने काही सांगत नाही. त्याच बोटीच्या पाण्यावरच्या कोरड्या भागाशी तुलना करूनच वाचायचा.

बोट ३: ३१ फुटी, एक डिझेल, सरळ शाफ्ट (इंजिनापासून पंख्यापर्यंतचा दांडा). चालू.

५.९ लिटरचं सहा सिलिंडर कमिन्स, बी मालिका, टर्बो आणि आफ्टरकूलरसह (इंजिनात जाणारी हवा थंड करणारा भाग), २७० अश्वशक्ती, २६०० आरपीएम. जमशेदपूरला टाटा कमिन्सने हीच मालिका ट्रकसाठी बनवली, त्यामुळे ब्लॉकचे बरेच भाग ट्रकच्या बाजारात मिळतात. पण पिस्टन, इंजेक्टर, टर्बो डोळे झाकून घेऊ नका. इंजिनाच्या पाटीवरचा सीपीएल (कोणते भाग बसतात ते सांगणारा) क्रमांक जुळवूनच घ्यायचे. हीट एक्स्चेंजर (समुद्राच्या पाण्याने कूलंट थंड करणारा), एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, आफ्टरकूलर हे खास सागरी भाग बाहेरूनच मागवावे लागतात. नोंदणीपत्रावरचा इंजिन क्रमांक ब्लॉकवरच्या क्रमांकाशी ताडून झाला आहे.

थंड इंजिन सुरू होताना पाहणं महत्त्वाचं. पोहोचलात आणि ब्लॉकला हात लावून कोमट वाटला, तर दुसऱ्या दिवशी या. इथे गार होता. पहिल्या झटक्याला सुरू, पांढरा धूर मिनिटभर, मग साफ. निळा दिसला असता तर तेल, भाराखाली काळा दिसला असता तर हवा कमी किंवा बोजा जास्त. एक्झॉस्टमध्ये पाणी मिसळल्यानंतरच्या रबरी नळीवर हात ठेवता आला.

समुद्रावरची चाचणी भरल्या टाकीने, चार माणसांसह. पूर्ण थ्रॉटलला २४५० आरपीएमच गाठले, जीपीएसवर १८.५ नॉट. गिअर १.५, पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं अंतर) १८ इंच. हिशोब सोपा आहे: आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअर, भागिले १२१५. इथे २४.२ नॉट येतात, म्हणजे घसरण (हिशोबापेक्षा कमी पडलेला वेग) २४ टक्के. शाफ्टच्या बोटीला हे खपतं. खटकतात ते कमी पडलेले १५० आरपीएम. डिझेल पूर्ण भाराखाली ठरलेल्या आरपीएमला पोहोचत नसेल तर ते रोज ओव्हरलोड होत असतं. एक्झॉस्ट तापतो आणि व्हॉल्व्ह-पिस्टन लवकर जातात. पण पंख्याला आत्ताच हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी उधाणाच्या भरतीला बोट वर घेतली तेव्हा तळावर आणि पंख्यावर बोटभर जाड कवच होतं. तळ खरवडून पुन्हा चाचणी, तरीही कमी पडले तर एक इंच पिच कमी.

इंधनाचा अंदाज: डिझेलला दर अश्वशक्तीला तासाला ०.२१ लिटर, जुन्या कार्बोरेटरच्या पेट्रोलला ०.३३ च्या आसपास. पूर्ण ताकदीला इथे ५७ लिटर, बोट १ च्या २६० अश्वशक्तीला ८६.

शाफ्टच्या बेअरिंगमध्ये खेळ किंचित. ग्लँड (शाफ्ट बोटीबाहेर पडतो तिथे पाणी अडवणारी) चालताना मिनिटाला दोन-तीन थेंब, थांबल्यावर कोरडी. कपलिंगची (इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या चकत्यांची) फट फीलर गेजने बघायची. पाच इंची कपलिंगला ०.००५ इंचापेक्षा जास्त फरक नको. हे बोट पाण्यात परतल्यावर एक-दोन दिवसांनीच मोजायचं, कारण जमिनीवर गाड्यावर ठेवली की हल (बोटीचं अंग) वाकते.

राहिलेलं काम

आफ्टरकूलर. यातून समुद्राचं पाणी जातं आणि दुसऱ्या बाजूने इंजिनात जाणारी हवा. गाभा सडला की मीठ थेट सिलिंडरमध्ये. दर दोन वर्षांनी बाहेर काढून धुऊन, ओ-रिंगा बदलून, जोडांना ग्रीस लावून बसवायचा असतो. या बोटीवर तो कधी निघाल्याची नोंद नाही आणि बोल्ट रंगाखाली चिकटलेले आहेत. विकणाऱ्याने काढू दिला तरच व्यवहार पुढे. तेल आणि कूलंटचे नमुने प्रयोगशाळेत गेले आहेत. तेलात सोडियम वाढलेलं आलं तर कूलंट किंवा खारं पाणी आत जातंय, मग किंमत नव्याने.

बोट शाकारून झाली आहे. ताडपत्रीखाली दोन्ही बाजूंना हवेला वाट ठेवली आहे, बिल्जचे (बोटीच्या तळातल्या पोकळीचे) प्लग काढून स्टिअरिंगच्या चाकाला बांधले आहेत. समुद्राच्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं रबरी चक्र) काढून ठेवला. एक पातं तुटलेलं निघालं. ते हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी सापडेपर्यंत नवा बसवायचा नाही. पाण्यातली दुसरी चाचणी नारळी पौर्णिमेनंतर.